माळरानावरील शिक्षिका : लॉराबाई वाइल्डर

अमेरिकेच्या दक्षिण डकोटा संस्थानांत डी स्मेट नांवाचें एक लहानसें गांव आहे. १८८० सालीं आगगाडीच्या रस्त्यालगत तें वसलें व येशूसंघाचे बेल्जियन मिशनरी फादर पीटर डी स्मेट यांचें नांव त्यास देण्यांत आलें. या फादरांनीं आपलें आयुष्य अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या सेवेंत वेंचलें. १८६८ सालीं चोहोंकडे युद्धाची धग असतां ते सू लोकांचा नायक सिटिंग बुल याच्या छावणींत तहाचें बोलणें घेऊन गेले होते. १८७३ सालीं ते देवाघरीं गेले. परंतु आज जगांतील असंख्य वाचकांस हें गांव ठाऊक आहे तें या थोर धर्मगुरूंमुळें नव्हे. तेथें वाढलेल्या, तेथेंच शिक्षिका झालेल्या आणि तेथेंच एका शेतकऱ्याची बायको झालेल्या एका स्त्रीमुळें तें ठाऊक आहे. तिचें नांव लॉरा इंगल्स वाइल्डर.

ही बाई आपल्या पंथाची नव्हे. तिचें घराणें काँग्रिगेशनल पंथाचें होतें. तेव्हां ज्युबिलीच्या पुस्तकांत तिचें चरित्र कशाला, असें कोणी विचारील. या पुस्तकांत बिशपांचीं, व्हिकारांचीं व देणगीदारांचीं नांवें रीतीप्रमाणें येतीलच, आणि तीं यावींत. परंतु पहाटे वाडीला पाणी लावून, चूल सारवून, मुलांच्या तोंडांत घांस घालून मग हातांत पाटी घेऊन शाळेंत गेलेल्या ज्या बाया आपल्या धर्मग्रामांत होऊन गेल्या, त्यांचीं चरित्रें कोणी लिहिलीं नाहींत. त्यांना स्वतःलाही तीं लिहावयास सवड झाली नाहीं. लॉराबाईंना सवड झाली, तीही वयाच्या पासष्टीला. म्हणून त्यांची हकीकत येथें देत आहें.

विस्कॉन्सिन संस्थानांत पेपिन गांवाजवळच्या दाट रानांत ७ फेब्रुवारी १८६७ रोजीं लॉराचा जन्म झाला. वडील चार्ल्स इंगल्स हे शेतकरी, सुतार, शिकारी व फिडल वाजविणारे. आई कॅरोलाइन ही लग्नापूर्वीं शिक्षिका होती. थोरली बहीण मेरी दोन वर्षांनीं मोठी. वडिलांच्या पायाला भिंगरी होती. एका ठिकाणीं घर बांधून होतें न होतें तोंच त्यांची नजर पश्चिमेच्या क्षितिजाकडे लागे, आणि बिचाऱ्या आईला पुन्हां भांडीं बांधावीं लागत. त्या काळीं सरकारचा १८६२ चा कायदाच असा होता कीं, जो कोणी पडीक जमिनीवर पांच वर्षें राहून ती कसील त्याला १६० एकर जवळजवळ फुकट मिळत. ज्यांनीं पांच पांच गुंठ्यांसाठीं भावाभावांत फिर्यादी पाहिल्या आहेत, त्यांना हा आंकडा वाचून कसें वाटेल हें मी जाणतों. पण फुकट जमिनीची खरी किंमत कोणी दिली, हें या कुटुंबाच्या कथेंतच कळून येतें.

१८६९ सालीं इंगल्स कुटुंब कापडी छताच्या गाडींतून कॅन्ससमध्यें गेलें. इंडिपेंडन्स गांवाजवळच्या प्रेअरीवर, म्हणजे जेथें झाड नाहीं, दगड नाहीं, नुसतें कमरेइतकें गवत क्षितिजापर्यंत लाटा मारीत असतें अशा माळरानावर, वडिलांनीं स्वतःच्या हातांनीं लांकडी घर उभें केलें. तें घर पुढें लॉराबाईंच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकाचा विषय झालें. परंतु ती जमीन इंगल्स यांची नव्हती. ती ओसेज लोकांची होती. सरकारनें करारानें त्यांच्यासाठीं राखलेली होती आणि तिच्यावर घरें बांधणारे गोरे लोक कायद्याच्या दृष्टीनें घुसखोर होते. या ओसेज लोकांसाठीं फादर जॉन शूनमाकर्स व त्यांच्या येशूसंघी सोबत्यांनीं १८४७ सालीं नियोशो नदीकाठीं मिशन उघडलें होतें. मुलांसाठीं शाळा होती. मुलींची शाळा लोरेटोच्या सिस्टर चालवीत. पुष्कळ ओसेज लोकांनीं बाप्तिस्मा घेतला होता. म्हणजे घरांत शिरणाऱ्या ज्या माणसांस पाहून चिमुकली लॉरा भीतीनें लपे, त्यांच्या बांधवांतल्या कित्येकांस आपल्यासारखीच क्रुसाची खूण करतां येत असे! १८७० सालीं कायदा होऊन ओसेज लोकांस ती भूमि विकून दक्षिणेस जावें लागलें. इंगल्स कुटुंबही १८७१ सालीं विस्कॉन्सिनला परतलें, कारण तिकडचें घर ज्याला विकलें होतें त्याला पैसे पुरे करतां आले नाहींत. त्यांना परत जावयास घर होतें.

या कॅन्ससमध्येंच हिंवतापानें सारें कुटुंब अंथरुणास खिळलें असतां डॉ. जॉर्ज टॅन या कृष्णवर्णीय वैद्यानें त्यांच्यावर उपचार केले. गुलामगिरी उठून तेव्हां पुरीं पांच वर्षें झालीं होतीं कीं नव्हतीं. पुस्तकांत लॉराबाईंनीं त्यांना विसरलें नाहीं, ही गोष्ट त्यांच्या बाजूनें लिहून ठेवण्यासारखी आहे.

१८७४ सालीं मुक्काम मिनेसोटांत वॉलनट ग्रोव्ह येथें. प्रथम ओढ्याच्या दरडींत खोदलेल्या घरांत ते राहिले. मग गव्हाचें पीक येणार या भरंवशावर उधारीनें लांकूड आणून वडिलांनीं नवें घर बांधलें. पीक सोन्यासारखें आलें, आणि १८७५ च्या उन्हाळ्यांत टोळ आले. मिसर देशावरील टोळधाड आपण शास्त्रांत वाचतों. येथें ती एका शेतकऱ्याच्या बांधावर उतरली. गहूं गेला, गवत गेलें, भाजीपाला मुळासकट गेला. शिवाय टोळांनीं जमिनींत अंडीं घातलीं, त्यामुळें पुढच्या वर्षाचीही आशा संपली. वडील पूर्वेकडे दुसऱ्यांच्या कापणीवर मजुरीला पायीं चालत गेले आणि आई मुलींना घेऊन मागें राहिली.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. त्याच मिनेसोटांत गव्हर्नरांनीं २६ एप्रिल १८७७ हा दिवस टोळांच्या निवारणार्थ प्रार्थनेसाठीं नेमून दिला. कोल्ड स्प्रिंग गांवाजवळच्या जर्मन कॅथोलिक शेतकऱ्यांनीं तर बेनेडिक्टिन फादर लिओ विंटर यांच्या पुढाकारानें धन्य कुमारी मरियेला नवस करून एका टेंकडीवर लांकडी चॅपेल बांधलें. त्या वर्षीं टोळ निघून गेले. १८९४ च्या चक्री वादळानें तें चॅपेल उडवून नेलें. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास त्याच जागीं ग्रॅनाइट दगडाचें चॅपेल उभें राहिलें, आणि लोक त्यास टोळांचें चॅपेलच म्हणतात. ती टोळांची जात पुढें जगांतून समूळ नाहींशी झाली. १९०२ नंतर तिचा एकही जिवंत टोळ मिळालेला नाहीं. शास्त्रज्ञ त्याचीं कारणें निराळीं देतात, आणि द्यावींत. नवस फेडणाऱ्यांशीं मात्र कोणीं वाद घालूं नये.

इंगल्स कुटुंब तो १८७७ चा वसंत पाहावयास तेथें नव्हतें. १८७६ सालीं तें आयोवा संस्थानांतील बर ओक येथें एका खाणावळीच्या चाकरीला निघालें होतें. वाटेंतच लॉराचा एकुलता एक भाऊ फ्रेडी नऊ महिन्यांचा होऊन वारला. लॉराबाईंच्या पुस्तकांत या भावाचें नांव नाहीं, बर ओकचेंही नाहीं. मुलांसाठीं लिहितांना त्यांनीं हें सारें पान वगळलें.

१८७७ सालीं वॉलनट ग्रोव्हला परत आल्यावर आणखी एक आघात झाला. १८७९ सालीं चौदा वर्षांच्या मेरीला भयंकर ताप आला व त्यांत तिची दृष्टि गेली. पुष्कळ दिवस हा लोहितज्वर समजला जाई. २०१३ सालीं वैद्यांनीं जुनीं पत्रें व नोंदी तपासून तो बहुधा मेंदू व त्यावरील आवरण यांचा दाह असावा असें ठरविलें. नांव कांहींही असो, अभ्यासांत सर्वांत पुढें असलेली मुलगी अंधारांत बसली. तेव्हां वडिलांनीं बारा वर्षांच्या लॉरावर एक काम सोंपविलें, तें असें कीं तिनें मेरीचे डोळे व्हावें. त्या दिवसापासून लॉरा बहिणीला सारें सांगूं लागली. आगगाडीच्या धुराचा रंग, दलदलींतले पक्षी, वाऱ्यानें गवत कसें वांकतें, दुकानदाराच्या मिशा, आईचा नवा झगा. चुकीचें किंवा उगीच अलंकारिक बोललें कीं मेरी तिला टोंकी. सेमिनरींत आम्हांस वर्णनाचे नियम शिकविले गेले, परंतु आंधळ्या माणसाला सूर्यास्त सांगण्याइतका कठीण धडा आम्हांस कोणी दिला नाहीं. लॉराबाई पुढें ज्या लेखिका झाल्या त्या याच शाळेंत, अशी माझी तरी खात्री आहे.

त्याच वर्षीं वडिलांना आगगाडीच्या रस्त्यावर हिशेबनिसाचें काम मिळालें आणि कुटुंब डकोटांत, पुढें जें डी स्मेट झालें त्या ठिकाणीं, येऊन स्थिर झालें. १८८०-८१ चा हिंवाळा त्या भागांत अजून आठवला जातो. आक्टोबरांतच बर्फाचें वादळ झालें. जानेवारीपासून आगगाड्या बंद पडल्या त्या मे महिन्यापर्यंत आल्या नाहींत. कोळसा संपला, तेव्हां वाळल्या गवताचे पीळ घालून तें चुलींत जाळीत. पीठ संपलें, तेव्हां कॉफीच्या लहानशा चक्कींत गहूं दळून भाकरी करीत. एकजण दळी, दुसरा गवत वळी, आणि हें दिवसभर चाले. गव्हाचाही अंत लागला, तेव्हां अल्मान्झो वाइल्डर व कॅप गार्लंड हे दोन तरुण वादळांतली उसंत साधून घसरगाड्या घेऊन दूरच्या एका शेतकऱ्याकडून गहूं घेऊन आले, म्हणून गांव जगला. या हिंवाळ्यावर लॉराबाईंनीं १९४० सालीं जें पुस्तक लिहिलें, त्याचें दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्यें जपानी भाषेंत भाषांतर झालें. उपाशी देशाला तें पुस्तक समजावून सांगावें लागलें नसेल.

मेरीला १८८१ सालीं आयोवांतील अंधांच्या विद्यालयांत पाठविलें. शिक्षणाची फी सरकार देई. पण कपडे, प्रवास, वरचा खर्च कोण देणार? लॉरा शिवणकाम करी. पुढें तिनें शिक्षिकेची परीक्षा दिली आणि गांवापासून बारा मैलांवरील एका ओसाड वस्तींत तिला दोन महिन्यांची शाळा मिळाली. वय सोळाच्या आसपास, उंची पांच फुटांहूनही कमी. विद्यार्थी पांच, त्यांतले कांहीं तिच्याहून मोठे व उंच. शाळा म्हणजे ओस पडलेली खोपटी. फटींतून बर्फ आंत येई. ज्या घरीं तिची राहण्याची सोय केली होती त्या घरची बाई माळरानाच्या एकांतानें वेडीपिशी झालेली. एका रात्रीं ती नवऱ्यावर सुरी घेऊन उभी राहिलेली लॉरानें पडद्याच्या फटींतून पाहिली. त्या रात्रीनंतर तिला झोंप कशी आली असेल कोण जाणे! तरी दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाळा भरली. त्या दोन महिन्यांचे चाळीस डॉलर मिळाले व ते मेरीच्या कामीं आले, असें लॉराबाई सांगतात. दर शुक्रवारीं, वाटेल तेवढी थंडी असो, अल्मान्झो वाइल्डर आपली घसरगाडी घेऊन तिला घरीं पोंचवावयास येई. गव्हासाठीं जीव धोक्यांत घालणारा तरुण तो हाच. १८८५ पर्यंत लॉरानें अशा तीन शाळा चालविल्या. स्वतःचें हायस्कूल मात्र पुरें केलें नाहीं. इतरांस शिकवितांना तिची स्वतःची शाळा राहून गेली, आणि आपल्याकडेही पूर्वीं पुष्कळ शिक्षिकांचें असेंच झालें आहे.

२५ आगस्ट १८८५ रोजीं लॉरा व अल्मान्झो यांचें लग्न झालें. वधूनें पाद्रीसाहेबांस आगाऊ सांगितलें होतें कीं, आज्ञा पाळीन हा शब्द मी उच्चारणार नाहीं, कारण जें वचन मला पाळतां येणार नाहीं तें मी देवासमोर देणार नाहीं. कोणी यास उद्धटपणा म्हणेल; मला तो वचनाचा आदर वाटतो.

पुढचीं चार वर्षें वाचवत नाहींत. पहिलें उभें पीक गारांनीं झोडपलें. मग दुष्काळ पडूं लागला. १८८८ सालीं पतिपत्नी दोघांना घटसर्प झाला. अल्मान्झो पुरे बरे होण्यापूर्वींच शेतावर गेले व त्यांना पक्षाघात झाला. तेव्हांपासून चाल जी अधू झाली ती कायमची. १८८६ च्या डिसेंबरांत झालेली रोज ही मुलगी हेंच काय तें सुख. १८८९ सालीं मुलगा झाला. त्याचें नांव ठेवण्यापूर्वींच तो गेला. आणि त्याच वर्षीं चुलीच्या आगीनें घर जळालें. या बाळाविषयीं लॉराबाई आयुष्यभर जवळजवळ कांहींच बोलल्या नाहींत. दफनविधि करतांना मीं पाहिलें आहे कीं, ज्या आया रडतात त्यांना कांहीं बोलतां येतें; ज्या रडत नाहींत त्यांच्याजवळ नुसतें उभें राहावें लागतें.

पतीच्या प्रकृतीसाठीं मिनेसोटा झालें, फ्लॉरिडा झालें. दोन्ही ठिकाणीं मन व शरीर लागेना. पुन्हां डी स्मेटला येऊन लॉराबाई एका शिंपिणीकडे रोज एक डॉलरनें कपडे शिवूं लागल्या. त्यांतून शंभर डॉलरांची एक नोट सांचली. ती लिहिण्याच्या लांकडी पेटींत लपवून १७ जुलै १८९४ रोजीं तिघें गाडींतून मिसूरीकडे निघालीं. साडेसहाशें मैल, सहा आठवडे. मॅन्सफील्ड येथें पोंचल्यावर जमीन ठरली, पेटी उघडली, तों नोट नाहीं! कित्येक दिवस शोध, संशय आणि मौन. अखेर ती पेटीच्याच फटींत सरकलेली सांपडली व चाळीस एकर खडकाळ जमीन घेतां आली. तिचें नांव त्यांनीं रॉकी रिज ठेवलें.

तेथें खिडकी नसलेली एक लांकडी खोली होती आणि लावण्यावांचून पडलेलीं सफरचंदाचीं रोपें होतीं. पति अधू, मुलगी लहान. म्हणून झाडें तोडतांना दोन टोंकांच्या करवतीचें दुसरें टोंक लॉराबाई ओढीत. जळाऊ लांकूड विकून दिवस काढले. मधली कांहीं वर्षें गांवांत राहून त्यांनीं परक्या माणसांना जेवण रांधून घातलें. हळूहळू जमीन वाढत सुमारें दोनशें एकर झाली आणि १९१३ सालीं मनाजोगतें घर पुरें झालें. कोंबड्या पाळण्यांत बाईंचा हात कोणी धरीत नसे. थंडींतही त्यांच्या लेगहॉर्न कोंबड्या अंडीं देत, आणि शेजारणी तें रहस्य विचारावयास येत. या विषयावर त्यांनीं लिहिलेला एक निबंध ऐकून मिसूरी रूरलिस्ट या शेतकी पत्राच्या संपादकानें त्यांना लिहावयास सांगितलें. १९११ पासून १९२४ पर्यंत त्या या पत्रांत शेतकरणींसाठीं लिहीत राहिल्या. शिवाय गांवच्या शेतकी कर्जसंस्थेच्या त्या चिटणीस व खजिनदार होत्या. सरकारी कर्जाचे सुमारें दहा लाख डॉलर त्यांच्या हातून शेतकऱ्यांस गेले. टोळांच्या वर्षीं वडिलांना असें कर्ज देणारें कोणी असतें तर!

१९२४ सालीं आई गेली, १९२८ सालीं मेरी गेली. जिच्यासाठीं पन्नास वर्षांपूर्वीं लॉरा डोळे झाली होती, ती बहीण आतां नव्हती. आणि मला वाटतें, म्हणूनच सांगावयाचें राहिलेलें सारें दाटून आलें. १९२९ च्या आर्थिक कोसळण्यांत घरची शिल्लकही गेली होती. स्वस्त रेघांच्या शाळकरी वह्यांवर पेन्सिलीनें त्यांनीं आपली जन्मकथा लिहिली. १९३० सालीं ती कोणी छापीना. मुलगी रोज ही स्वतः नांवाजलेली लेखिका; तिनें आईचें लिखाण कांटछांट करून, कित्येकदां कडाक्याच्या वादावादीनंतर, मुलांच्या पुस्तकांच्या रूपांत बसविलें. १९३२ सालीं विस्कॉन्सिनच्या रानांतील घरावरचें पहिलें पुस्तक निघालें तेव्हां लॉराबाई पासष्ट वर्षांच्या होत्या. १९४३ पर्यंत आठ पुस्तकें झालीं. मूळची जन्मकथा मात्र टिपांसह छापली गेली ती २०१४ सालीं, आणि तेव्हां लोकांना कळलें कीं पुस्तकांतील गरिबी खऱ्या गरिबीच्या निम्मीही नव्हती.

पुस्तकांचे दोष काढणारेही निघाले, आणि त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. कॅन्ससवरील पुस्तकांत आरंभींच असें लिहिलें होतें कीं त्या प्रदेशांत माणसें नव्हतीं, फक्त इंडियन राहत. १९५२ च्या सुमारास एका वाचकानें हें प्रकाशकांस दाखविलें, तेव्हां लॉराबाईंनीं आपली चूक तात्काळ मान्य केली आणि १९५३ च्या आवृत्तींत माणसें या शब्दाच्या जागीं वसाहतवाले हा शब्द घातला. मात्र इतर पुष्कळ जागा तशाच राहिल्या. म्हणून १९५४ सालीं बालसाहित्याचा जो पुरस्कार त्यांच्या नांवानें सुरू होऊन प्रथम त्यांनाच मिळाला होता, त्याचें नांव अमेरिकेंतील ग्रंथपालांच्या संस्थेनें २०१८ सालीं बदललें. मला हा निर्णय अन्यायाचा वाटत नाहीं, आणि पुस्तकें फेंकून द्यावींत असेंही वाटत नाहीं. जी मुलगी आंधळ्या बहिणीला गवताचें पातें न् पातें सांगे, तिला त्याच गवतांतून चालत निघालेल्या ओसेज आयांचें दुःख दिसलें, पण अर्धेंच दिसलें. नियोशोच्या मिशनांतल्या फादरांना व सिस्टरांना विचारलें असतें, तर त्यांनीं उरलेलें अर्धें सांगितलें असतें. परंतु चार वर्षांच्या मुलीनें कोणाला विचारावें?

अल्मान्झो १९४९ सालीं बाण्णव वर्षांचे होऊन वारले. लग्नाला चौसष्ट वर्षें झालीं होतीं. लॉराबाई त्या घरांत एकट्या राहिल्या, पत्रें लिहिणाऱ्या मुलांना स्वहस्तें उत्तरें देत राहिल्या. १० फेब्रुवारी १९५७ रोजीं, नव्वदावा वाढदिवस होऊन तीन दिवसांनीं, त्यांनीं डोळे मिटले. मॅन्सफील्डच्या दफनभूमींत पतीच्या शेजारीं त्या आहेत. बाळ डी स्मेटला आहे. रॉकी रिजचें घर आतां लोकांस पाहावयास खुलें आहे. तेथें चार्ल्स इंगल्स यांचें फिडल ठेवलें आहे, आणि स्वयंपाकघरांतले ओटे इतर घरांतल्याहून बरेच ठेंगणे आहेत. अधू पायानें वाकून अल्मान्झोंनीं ते आपल्या बायकोच्या उंचीला बसविले होते.